थरथरीच्या आधी: पार्किन्सन्सची लक्षणं घरच्यांनी कशी टिपायची

ह्यांना रोजचा खर्च वहीत लिहायची सवय. वर्षाला एक वही, आठवड्याला एक पान, आणि पानाच्या तळाशी दर रविवारी एकच शब्द: ‘एकूण’. बारा वर्षांपूर्वी न्यूरॉलॉजिस्टनी ह्यांना पार्किन्सन्स असल्याचं सांगितलं, त्या रात्री मला झोप लागेना. मी कपाटातून मागच्या चार वह्या काढल्या, फरशीवर ओळीने मांडल्या आणि फक्त तो एक शब्द बघत गेले. पहिल्या वहीत ‘एकूण’ टपोरा, शिरोरेषा शब्दाच्या जरा पुढे ओढलेली. ही ह्यांची लकब. दुसऱ्या वहीच्या मध्यापासून ती ओढ तुटली. तिसऱ्या वहीत ‘कू’चा ऊकार पुढच्या ‘ण’ला चिकटायला लागला. चौथ्या वहीत शब्द इतका बारीक झाला होता की त्याच जागेत तसे तीन मावले असते. दर रविवारी ती वही माझ्या हातात येत होती. मी हिशेब तपासत होते, अक्षर कधी बघितलंच नाही.

ह्यांचं वय तेव्हा ६१. पहिली खूण दिसल्यापासून निदान व्हायला आम्हाला अडीच वर्षं लागली. त्यातले आठ महिने तर खांद्याच्या व्यायामात गेले. आता आमच्या स्वमदत गटात नवीन कुटुंब आलं की त्यांच्याशी पहिलं बोलणं बहुतेक माझंच होतं. आमच्यात रुग्णाला ‘शुभार्थी’ म्हणतात आणि त्याला सांभाळणाऱ्याला ‘शुभंकर’. नवीन शुभंकर हमखास एक वाक्य बोलतो: “पण हात कुठे थरथरत होता?” म्हणून हे सगळं सविस्तर लिहायला घेतलं. ज्यांच्या मनात आपल्या माणसाबद्दल कुठेतरी शंकेची पाल चुकचुकलीय, त्यांच्यासाठी.

नावानेच दिशाभूल होते

आपल्याकडे या आजाराला कंपवात म्हणतात. शब्दातच कंप आला, मग माणूस कंपाचीच वाट बघणार. ही चूक जुनी आहे. १८१७ साली लंडनच्या जेम्स पार्किन्सन या डॉक्टरांनी सहा जणांचं वर्णन करून हा आजार मांडला. त्यातले काही जण तर त्यांनी केवळ रस्त्यावरून चालताना पाहिले होते, म्हणजे नुसतं नीट बघूनही किती कळतं याचा तो पहिला दाखला. पण नाव त्यांनी दिलं ‘थरथरणारा लकवा’ अशा अर्थाचं. पुढे फ्रान्सचे शार्को हे मोठे मज्जाविकारतज्ज्ञ म्हणाले की हे नाव बरोबर नाही, कारण कित्येक रुग्ण थरथरत नाहीत आणि त्यांच्यातली ताकद लकव्यासारखी गेलेलीही नसते. पार्किन्सन यांचं नाव या आजाराला द्यावं हे त्यांनीच सुचवलं. सुरुवातीला दर चौघांपैकी साधारण एकाला कंप नसतोच, काहींना तो पुढेही फारसा येत नाही.

मग बघायचं काय? मेंदूच्या मधल्या भागात काळसर रंगाच्या पेशींचा एक छोटा पुंजका असतो. तिथे डोपामिन तयार होतं. हालचाल सुरू करणं, ती पुरेशी मोठी ठेवणं, तिची लय राखणं यासाठी डोपामिन लागतं. या पेशी हळूहळू मरत जातात, आणि बाहेरून हालचालीत फरक दिसेपर्यंत निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून जास्त पेशी गेलेल्या असतात. त्यामुळे या आजारात सगळ्यात आधी काहीतरी कमी होतं. अक्षर लहान होतं, पाऊल आखूड होतं, आवाज बारीक होतो, पापण्यांची उघडझाप कमी होते, हाताचा झोका कमी होतो. नवीन काय आलं हे शोधत बसलात तर हातातून निसटेल. काय कमी झालं, काय आक्रसलं, हे शोधा.

डॉक्टरही निदानासाठी सगळ्यात आधी हालचालीतली मंदता धरतात. हालचाल मंद झालेली असायलाच हवी, आणि तिच्या जोडीला स्थिर असतानाचा कंप किंवा स्नायूंची ताठरता, दोन्हीपैकी निदान एक हवं. तोल जाणं हे चौथं मोठं लक्षण, पण ते सहसा बऱ्याच उशिरा येतं.

एक बाजू आधी

माझ्या दृष्टीने घरच्यांसाठी ही सगळ्यात उपयोगी खूण. म्हातारपणी माणूस मंदावतो तो दोन्ही बाजूंनी सारखा. पार्किन्सन्स जवळजवळ नेहमी एका बाजूने सुरू होतो. दुसऱ्या बाजूला पुढे काही वर्षांत पोचला तरी पहिली बाजू बहुधा कायम जास्त अडलेली राहते.

आमच्याकडे उजवी बाजू. निदानानंतर मी घरातल्या एका कार्यक्रमाचा जुना व्हिडिओ काढून पाहिला. निदानाच्या दोन वर्षं आधीचा. हे अंगणातून कॅमेऱ्याच्या दिशेने चालत येतात, सात-आठ सेकंदांचा तुकडा. डावा हात नेहमीसारखा पुढे-मागे झुलतोय. उजवा कोपरात किंचित वाकलेला, पोटाजवळ धरलेला, जणू त्या हातात न दिसणारी पिशवी आहे. मी तो तुकडा किती वेळा थांबवून थांबवून बघितला असेल! तेव्हा तिथे घरातली तीसेक माणसं हजर होती. एकाच्याही लक्षात आलं नाही.

तुमच्याकडेही फोनमध्ये असे व्हिडिओ असतील. ते आधी काढा. चालतानाचा, मागून किंवा समोरून घेतलेला, तीन-चार वर्षांपूर्वीचा एक आणि आत्ताचा एक. दोन्ही हातांचा झोका वेगवेगळा बघा. आत्ताचा व्हिडिओ घेताना माणसाला सांगू नका की हात बघतोय म्हणून, नाहीतर तो मुद्दाम हलवतो.

खांद्याचंही तेच. ह्यांचा उजवा खांदा धरला होता, हात वर जाईना. ‘फ्रोझन शोल्डर’ म्हणून शेक झाले, व्यायाम झाले, इंजेक्शनही झालं. खांदा खरोखरच आखडलेला होता, ते निदान खोटं नव्हतं. फक्त तो का आखडला हे कोणी विचारलं नाही. हात झुलायचा थांबला, स्नायू ताठ राहू लागले की सांधा धरतो. एकाच बाजूचा खांदा धरलाय आणि त्याच बाजूच्या हाताने शर्टाची बटणं लावायला वेळ लागतोय, दात घासताना ब्रश फिरायच्या ऐवजी नुसता तोंडात धरला जातोय, कपात चमचा ढवळताना मध्येच थांबतोय, असं दिसलं तर हाडांच्या डॉक्टरांना हे सगळं एकत्र सांगा. सुटं सुटं सांगितलं तर प्रत्येक गोष्टीला वेगळं कारण सापडतं.

पायाची खूण कानाने कळते. चपलेचा आवाज ऐका. पूर्वी दोन्ही पायांचा ठेका सारखा होता, आता एका पायाची चपल फरशीवर घासते का? चपला उलट्या करून तळवे बघा. एकीचा पुढचा भाग जास्त झिजलेला असेल तर तो पाय नीट उचलला जात नाही. काहींना पहाटे एका पायाची बोटं आतल्या बाजूला वळून पेटका आल्यासारखं होतं, विशेषतः ज्यांना आजार तरुण वयात सुरू होतो त्यांना. हो, तरुण वयातही होतो. साठीनंतर शक्यता वाढते हे खरं, पण पन्नाशीच्या आतले, अगदी तिशी-चाळिशीतलेही शुभार्थी मला भेटलेत. त्यांचं निदान सगळ्यात उशिरा होतं, कारण त्या वयात ही शंकाच कोणाला येत नाही.

चेहरा आणि आवाज

“अहो, रागावलात का?” हे मी त्या अडीच वर्षांत शंभर वेळा विचारलं असेल. “अगं नाही, मी कुठे काय बोललो!” हे त्यांचं उत्तर. आणि खरंच ते रागावलेले नसायचे. चेहऱ्याचे स्नायू हलायचे कमी झाले होते. हसू यायचं, पण उशिरा यायचं आणि डोळ्यांपर्यंत पोचायचं नाही. पापण्याही कमी लवायच्या. आपण मिनिटाला साधारण पंधरा-वीस वेळा पापण्या मिटतो. पार्किन्सन्समध्ये हे प्रमाण बरंच खाली येतं, म्हणून नजर रोखून बघितल्यासारखी वाटते. यातून घरात किती गैरसमज होतात ते मी जवळून बघितलंय. एका शुभार्थीची नातवंडं त्याला घाबरायला लागली होती. मनाने माणूस तिथेच असतो, आनंदही होत असतो, चेहऱ्यावर मात्र ते उमटत नाही.

आवाजाचं याहून फसवं. ह्यांचं बोलणं मला ऐकू येईना, शेवटचे शब्द तर घशातच राहायचे. ह्यांचं म्हणणं, तुझे कान गेलेत. मी खरोखर कान तपासून घेतले. कान ठणठणीत निघाले. तरी आमच्या दोघांच्याही डोक्यात आलं नाही की मग आवाजच कमी झाला असेल. याला एक कारण आहे. आपण किती मोठ्याने बोलतोय याचा स्वतःचा अंदाजच या आजारात चुकतो. त्याला आपला आवाज नेहमीसारखाच वाटत असतो. म्हणून रुग्णाला विचारून उपयोग नाही. फोनवर लोक वारंवार “काय? पुन्हा सांगा” म्हणतात का, ते बघा. आवाजातले चढउतार गेलेत का, सगळं एका सुरात पुटपुटल्यासारखं येतंय का, तेही बघा.

कंप असलाच तर कसा

हात मोकळा, मांडीवर निवांत ठेवलेला असताना येणारा तो पार्किन्सन्सचा कंप. सेकंदाला साधारण चार ते सहा वेळा. बऱ्याचदा अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर अशी फिरतात की बोटांमध्ये छोटी गोळी वळतोय असं वाटावं. हात उचलून काही घ्यायला गेलं की कंप थांबतो किंवा कमी होतो, झोपेत तर नसतोच. हनुवटी, ओठ किंवा पायही थरथरू शकतो. मन दुसरीकडे गुंतलं किंवा ताण आला की तो उठून दिसतो. म्हणून डॉक्टर हात मांडीवर ठेवायला सांगतात आणि शंभरातून सात-सात वजा करायला लावतात. चालताना बाजूला लोंबणाऱ्या हातातही तो चांगला दिसतो.

याच्या उलट, पेला उचलताना, चमचा तोंडाशी नेताना, सही करताना हात थरथरतो आणि मांडीवर ठेवला की शांत होतो, तो बहुधा वेगळा कंप असतो. तो सहसा दोन्ही हातांना असतो, मान आणि आवाजही थरथरतो, आणि पुष्कळदा घरात आणखी कोणाला तरी असतो. त्याला ‘इसेन्शियल ट्रेमर’ म्हणतात आणि तो पार्किन्सन्सपेक्षा जास्त लोकांना असतो. म्हणजे थरथरणारा प्रत्येक हात पार्किन्सन्सचा नाही, आणि पार्किन्सन्सचा प्रत्येक हात थरथरत नाही. काळजी, थायरॉइड जास्त असणं, दम्याची काही औषधं यांनीही हात थरथरतात.

घरी काय करून बघता येतं

हे निदान नव्हे. डॉक्टरांना सांगायला ठोस काही मिळावं, एवढ्यासाठीच करायचं. दिवसा, उजेडात, माणूस दमलेला नसताना.

लिहायला लावा. ओळी नसलेला कागद द्या आणि एकच लांब वाक्य पाच-सहा वेळा, एकाखाली एक लिहायला सांगा. वाक्य कोणतंही चालेल, पण मी नेहमी नाव आणि पूर्ण पत्ता लिहायला सांगते, कारण ते लिहिताना विचार करावा लागत नाही. मग दोन गोष्टी बघा. एक, ओळीच्या सुरुवातीची अक्षरं आणि शेवटची अक्षरं यांच्या उंचीत फरक आहे का. दोन, पहिली ओळ आणि सहावी ओळ. पार्किन्सन्समध्ये अक्षर पुढे पुढे आक्रसत जातं. देवनागरीत हे शिरोरेषेखाली चांगलं कळतं: काने आखूड होतात, उकार शेजारच्या अक्षराला चिकटतात, शब्दांमधली जागा कमी होते. वाईट अक्षर आणि लहान होत जाणारं अक्षर यात गल्लत करू नका. ज्याचं अक्षर आयुष्यभर किरटं आहे त्याच्या बाबतीत जुना कागद शेजारी ठेवल्याशिवाय काही बोलू नये. नागमोडी, थरथरलेली रेघ दिसली तर तो वर सांगितलेला दुसरा कंप असू शकतो.

बोटं एकमेकांवर टेकवायला सांगा. अंगठा आणि तर्जनी, जमेल तेवढी फाकवायची आणि जमेल तेवढ्या वेगाने टेकवायची, पंधरा-वीस वेळा. आधी एक हात, मग दुसरा. दोन्ही हात एकदम नको. पहिले पाच-सहा वेळा बहुतेक सगळ्यांना जमतात. खरं कळतं ते त्यानंतर. बोटांमधलं अंतर कमी कमी होत जातं का, मध्ये एखादा ठोका चुकतो का, हात क्षणभर अडकतो का? आमच्या पहिल्या भेटीत डॉक्टरांनी हेच करायला लावलं. डावा हात टकटक टकटक चालला. उजवा सुरू झाला, सहाव्या-सातव्या वेळी बोटं जेमतेम सुटत होती, मग चिकटल्यासारखी थांबली, मग पुन्हा दोनदा हलली. मी शेजारच्या खुर्चीत होते. त्या दहा सेकंदांत मला जे दिसलं ते अडीच वर्षांत घरात दिसलं नव्हतं, कारण दोन्ही हात असे एकामागून एक मी कधी बघितलेच नव्हते.

वळायला सांगा. दहा-बारा पावलं चालून मागे फिरायचं. आपण दोन-तीन पावलांत फिरतो, डोकं आधी वळतं आणि अंग त्याच्यामागून येतं. पार्किन्सन्समध्ये मान, खांदे, कंबर सगळं एकसंध वळतं आणि फिरायला बरीच छोटी छोटी पावलं लागतात. पावलं मोजून लिहून ठेवा. चालताना पाठ पुढे झुकलीय का, दारातून जाताना किंवा वळताना पाय जमिनीला खिळल्यासारखे होतात का, हेही बघा. पाय खिळणं सहसा पुढच्या टप्प्यात येतं.

बिछान्यात कूस बदलणं, खोल खुर्चीतून किंवा गाडीतून बाहेर येणं, यालाही किती वेळ लागतो ते सहज लक्षात ठेवा. मुद्दाम परीक्षा घ्यायची गरज नाही.

एक गोष्ट मात्र घरी अजिबात करू नका. तोल बघण्यासाठी डॉक्टर रुग्णाच्या मागे उभे राहून खांदे धरून झटक्यात मागे ओढतात. इंटरनेटवर बघून हे कोणी घरी करायला जातं. रुग्ण सरळ पाठीवर पडू शकतो. ते काम तपासणाऱ्याचं, आणि तेही मागे सांभाळायला कसं उभं राहायचं हे शिकलेल्याचं.

ताठरता घरच्यांना नीट कळत नाही. डॉक्टर मनगट आणि कोपर हळू फिरवून बघतात, आणि दुसऱ्या हाताची मूठ उघड-मीट करायला लावतात. त्याने पहिल्या हातातली लपलेली ताठरता उघडी पडते. तुम्ही फक्त ‘आखडल्यासारखं वाटतं, ओढल्यासारखं वाटतं’ हे शब्द माणसाच्या तोंडून आले तर कोणत्या बाजूबद्दल आले, ते टिपून ठेवा.

ज्या गोष्टींचा हालचालीशी काही संबंध वाटत नाही

हा भाग मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण वर्षानुवर्षं आधी सुरू होणारी लक्षणं यात आहेत.

वास. निदानाच्या चार-पाच वर्षं आधी एकदा गॅस चालू राहिला होता. मी बाहेरून आले तर दारातच वास आला. हे आत पेपर वाचत बसलेले, त्यांना काहीच आलं नव्हतं. सर्दी असेल म्हणून सोडून दिलं. पार्किन्सन्सच्या बहुसंख्य रुग्णांना वास कमी येत असतो आणि ते बऱ्याच आधीपासून. अर्थात सायनस, वय, कोविड यांनीही वास जातो. नुसत्या या एका खुणेवरून घाबरू नये.

झोप. आपण स्वप्न बघतो तेव्हा शरीर सैल पडलेलं असतं, हातपाय हलत नाहीत. काहींचं हे कुलूप निघतं. मग माणूस स्वप्नात जे करतोय ते अंथरुणातही करतो: ओरडतो, लाथा मारतो, गुद्दे हाणतो, पलंगावरून पडतो. ह्यांचा हात एकदा माझ्या गालावर असा बसला की निळं झालं. जाग आल्यावर म्हणाले, कोणीतरी चोर घरात शिरला होता. दुसऱ्या दिवशी आम्ही तो विषय हसण्यावारी नेला. या झोपेच्या विकाराचं नातं पार्किन्सन्स आणि त्याच्या भाऊबंद आजारांशी फार घट्ट आहे. पुढे हे आजार होणाऱ्यांमध्ये तो कधी कधी दहा-पंधरा वर्षं आधीपासून दिसतो. हे बाजूला झोपणाऱ्यालाच माहीत असतं. डॉक्टर विचारोत न विचारोत, तुम्ही सांगा.

पोट. नव्याने सुरू झालेला आणि काही केल्या न हटणारा बद्धकोष्ठ. मन. कारण नसताना उदासी, पूर्वी नव्हती अशी काळजी, आवडत्या गोष्टींतून लक्ष उडणं. निवृत्तीमुळे झालंय असं म्हणून या गोष्टी बाजूला पडतात. याशिवाय उठल्यावर चक्कर येणं, वारंवार लघवीला जावं लागणं, उशीवर लाळ सांडणं, चेहरा तेलकट होणं, न संपणारा थकवा.

यातली कुठलीही एक गोष्ट शंभर कारणांनी होते. पण वास जाणं, झोपेतली हाणामारी, बद्धकोष्ठ आणि एका बाजूचा मंदावलेला हात हे चारही एकाच माणसात असतील तर उद्या-परवा करू नका.

आधी औषधांचा डबा तपासा

शंका आली की न्यूरॉलॉजिस्टकडे जायच्या आधी घरातली सगळी औषधं एका पिशवीत भरा. काही औषधं डोपामिनचं काम अडवतात आणि हुबेहूब पार्किन्सन्ससारखं चित्र उभं करतात. मानसिक आजारांवरची काही औषधं, म्हणजे हॅलोपेरिडॉल, रिस्पेरिडोन, ही सगळ्यांना माहीत असतात. पण उलटी-मळमळीवरची मेटोक्लोप्रामाइड आणि प्रोक्लोरपेराझिन, आम्लपित्ताच्या जोडगोळ्यांमध्ये येणारं लेव्होसल्पिराइड, चक्करवरचं सिनारिझिन, अर्धशिशीवरचं फ्लुनारिझिन, फिट्सवरचं व्हॅल्प्रोएट ही नावं कितीजणांना ठाऊक असतात? कधीतरी महिनाभरासाठी लिहून दिलेली गोळी वर्षानुवर्षं चालू राहिल्याचं मी पुष्कळ घरांत बघितलंय. आमच्या गटात आलेल्या एका बाईंची सगळी लक्षणं चक्करची गोळी डॉक्टरांनी बंद केल्यावर काही महिन्यांत ओसरली. गोळी स्वतःच्या मनाने मात्र बंद करू नका. फिट्सची किंवा मानसिक आजाराची औषधं अचानक थांबवणं धोक्याचं असतं. पाकिटं दाखवा, कधीपासून चालू आहेत ते सांगा.

पुढच्या गोष्टी असतील तर तो साधा पार्किन्सन्स नसून दुसरं काही असू शकतं, म्हणून त्या ठळकपणे सांगायच्या. पहिल्या वर्षभरातच वारंवार पडणं. खाली बघायला डोळे न वळणं. अगदी सुरुवातीपासून भास होणं किंवा विसरभोळेपणा फार वाढणं. दोन्ही बाजू पहिल्या दिवसापासून सारख्याच अडकणं. चाल बिघडणं, लघवीवर ताबा जाणं आणि स्मरणशक्ती कमी होणं, हे तिन्ही एकत्र येणं. यात मेंदूत पाणी साठलेलं असू शकतं आणि त्यावर शस्त्रक्रियेचा उपाय असतो. चाळिशीच्या आतल्या माणसाला अशी लक्षणं असतील तर शरीरात तांबं साठणारा विल्सन नावाचा आजार नाही ना, हे बघायलाच हवं, कारण त्यावर वेगळं औषध आहे.

आणि जे एका तासात, एका दिवसात अचानक झालं, तोंड वाकडं, हात लुळा, बोबडी वळणं, ते पार्किन्सन्स नव्हेच. पक्षाघात समजून त्याच क्षणी रुग्णालय गाठा.

डॉक्टरांकडे काय घेऊन जायचं

एक कागद, एक-दोन व्हिडिओ आणि औषधांची पिशवी. कागदावर रोज काय झालं याचा पाल्हाळ नको. ‘कधीपासून’ आणि ‘कोणती बाजू’ हे दोन रकाने पुरतात. ‘उजव्या हाताने बटण लावायला वेळ, मागच्या पावसाळ्यापासून’ एवढं वाक्य डॉक्टरांना ‘हल्ली फार हळू झालेत’ यापेक्षा कितीतरी जास्त सांगतं. व्हिडिओ तीस सेकंदांचे: एक चालतानाचा, एक हात मांडीवर ठेवून बसलेला असतानाचा. तपासणीच्या खोलीत माणूस सावरून बसतो, घरचं चित्र तिथे दिसत नाही. जुना आणि नवा लिहिलेला कागदही बरोबर असू द्या.

तिथे गेल्यावर बोलू त्याला द्या. उत्तरं अडखळत येतील, तुम्हाला मध्ये तोडावंसं वाटेल. नका तोडू. तो कसा उठतो, कसा बोलतो, शर्टाची बाही कशी वर करतो, हीच तर तपासणी असते. मी पहिल्या भेटीत सवयीने ह्यांच्या बाहीचं बटण काढायला पुढे झाले, तेव्हा डॉक्टरांनी हातानेच मला थांबवलं.

रक्ताच्या एखाद्या साध्या तपासणीत हा आजार कळत नाही. एमआरआय करतात तो बहुधा इतर कारणं बाजूला काढायला, आणि पार्किन्सन्समध्ये तो पुष्कळदा नॉर्मलच येतो. आमचाही आला होता, आणि त्या कागदावरचा ‘नॉर्मल’ शब्द वाचून आम्ही दोन महिने निश्चिंत बसलो. ते दोन महिने वाया गेले. डोपामिनचं जाळं दाखवणारा एक खास स्कॅन असतो, तो शंका उरली तरच सांगतात. निदान मुख्यतः हातापायांच्या तपासणीवर आणि तुम्ही सांगितलेल्या हकिगतीवर होतं. लेव्होडोपा या औषधाने स्पष्ट फरक पडला तर त्याला दुजोरा मिळतो. म्हणून शक्य असेल तिथे न्यूरॉलॉजिस्टकडेच जा, त्यातही हालचालींच्या विकारांचा अनुभव असलेले मिळाले तर फारच चांगलं.

आपल्या माणसाला कसं सांगायचं, हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो. “तुम्हाला पार्किन्सन्स झालाय” असं घरच्यांनी म्हणू नये. ते आपल्याला माहीत नसतं आणि त्याच्या मनात ते शब्द कायमचे राहतात. “तुमचा उजवा हात चालताना हलत नाही, हा व्हिडिओ बघा, एकदा दाखवून येऊ” एवढंच बोला. डोळ्यांनी दिसलेली गोष्ट माणूस लवकर मान्य करतो.

कधी कधी डॉक्टर म्हणतात, “आत्ता नक्की सांगता येत नाही, सहा महिन्यांनी या.” त्याचा अर्थ काही नाही असा घेऊ नका, आणि डॉक्टर बदलायची घाईही करू नका. सुरुवातीच्या काळात अनुभवी माणसालाही थांबून बघावं लागतं. त्या सहा महिन्यांत महिन्यातून एकदा, त्याच तारखेला, तोच नाव-पत्ता त्याच आकाराच्या कागदावर लिहून घ्या, वर तारीख टाका, आणि त्याच खोलीत त्याच जागी चालतानाचा व्हिडिओ घ्या. पुढच्या भेटीला सहा कागद आणि सहा व्हिडिओ टेबलावर क्रमाने मांडा.